रिकाम्या खुर्चीतला माणूस

हे सांगू की नको, असा मी दर वेळी विचार करतो आणि चहाचा दुसरा कप येईपर्यंत सांगून मोकळाही होतो. तेव्हा ऐका. अट एकच, हसायचं ते शेवटी. मधे कोणी हसलं की माझी लय जाते. आणि खरं सांगू का, मधे हसण्यासारखं काही नाहीच. तिथे माझी पाचावर धारण बसली होती.

साठ सालाच्या मागेपुढची गोष्ट. मी तेव्हा अमरावतीला एका शाळेत मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी जग बदलायचो. जग बदलायची जागा म्हणजे एका कापडदुकानाची माडी. तिथे आमचं अभ्यासमंडळ भरायचं. सगळे मार्क्सवादी. म्हणजे सगळ्यांनी मिळून दोन-तीन पुस्तकं आणली होती आणि ती आळीपाळीने वाचत होतो. मला कलेचं खातं मिळालं, कारण अर्थशास्त्राचं खातं एका वकिलाने आधीच बळकावलं होतं.

सिद्धांत तसा सोपा होता. समाजाचा पाया कशाचा, तर माल कोण पिकवतो, कोण घडवतो आणि नफा कोण खातो याचा. धर्म, कायदा, कविता, चित्रं हा सगळा वरचा इमला. पाया हलला की इमला हलणार. म्हणून कोणतीही कलाकृती समोर आली की पहिला सवाल, ही कोणाच्या बाजूची? यात राबणारा माणूस कुठे आहे? नसेल तर का नाही? एवढे तीन प्रश्न घेऊन मी वऱ्हाडातली बरीच कला निकालात काढली होती.

आणि भूत? भूत म्हणजे गरिबाला घाबरवून ठेवायला इमल्यात बांधलेली अंधारी खोली. हे वाक्य माझं स्वतःचं. प्रत्येक व्याख्यानात वापरायचो आणि प्रत्येक वेळी टाळी मिळायची. जानवं तर मी मंडळात सगळ्यांसमक्ष काढून खुंटीला टांगलं होतं. आई महिनाभर बोलली नाही, पण क्रांतीत असं व्हायचंच.

आता पातुरकर मास्तर. अकोल्याला शाळेत मला चित्रकला शिकवायचे. मी ज्यांना मनापासून भ्यालो आणि मनापासून मानलं असा तो एकच माणूस. रिटायर झाल्यावर ते घरी बसून चित्रं काढायला लागले. कशाची? खुर्चीची. त्यांच्या बैठकीत एक जुनी वेताची खुर्ची होती, मधोमध खचलेली. तीच खुर्ची कधी खिडकीपाशी, कधी दारात, कधी भिंतीकडे तोंड करून. कायम रिकामी. घरभर त्याच खुर्च्या टांगलेल्या. पाहुणा आला की त्याला बसायला एक खुर्ची आणि बघायला पंधरा-वीस.

मला हे सहन होईना. सुट्टीत अकोल्याला गेलो की आमची जुंपायची.

"मास्तर, यात माणूस कुठे आहे?"

"माणूस उठून गेल्याबिगर खुर्ची दिसते का रे, दिगू?"

"चित्र समाजाचा आरसा पाहिजे."

"आरसा पाह्यचा असन तं न्हाव्याकडे जाय. त्यासाठी रंग कावून नासवू मी?"

"मग तुमच्या चित्राचा समाजाशी संबंध काय?"

मास्तर तंबाखू चोळत खुर्चीकडे बोट दाखवायचे. "तो वेत कोठी तुटला ते पाह्यलं का? बसनाऱ्यानं किती वर्सं घासला असन? शाळेतून थकून येनारा मानूस हाय त्याच्यात. तू म्हनतो ना राबनारा, तोच. फक्त तो आत्ता घरी नाई."

मी याला रूपवाद म्हणायचो, म्हणजे आशयाला फाटा देऊन नुसत्या आकाराची पूजा. आमच्यात तो शब्द शिवीसारखा वापरत.

त्या वर्षी होळीच्या सुमारास मात्र माझी जीभ घसरली. वाद चढला आणि मी म्हणालो, "मास्तर, तुमची ही चित्रं तुमच्याबरोबर सरणावर जाणार. मागे कोणाच्या उपयोगाची नाहीत."

मास्तर चित्राकडे वळले. कुंचला पुसला. खूप वेळ पुसला. मग म्हणाले, "जातानी दार लोटून घेजो."

झालं. परत आलो तेव्हापासून ते वाक्य घशात अडकलेलं. जाऊन माफी मागावी असं रोज वाटायचं. पण आमच्या मंडळात माघारीला आत्मपरीक्षण म्हणत, आणि ते नेहमी दुसऱ्याने करायचं असे. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता मे महिना उजाडला.

मी राहायचो यमूआत्यांच्या घरी, माडीवरच्या खोलीत. यमूआत्या म्हणजे मास्तरांची सख्खी धाकटी बहीण. एका सकाळी मी दाढी करत होतो. खाली आवाज आला. गणपतचा. गणपत मास्तरांचा अकोल्याचा शेजारी, सरकी-ढेपेचा धंदा करणारा. खिडकीतून पाहिलं तर तो उंबऱ्याबाहेरच उभा होता.

"यमूबाई, मास्तर गेले जी."

एवढंच बोलला, पाणीसुद्धा न घेता पाठ फिरवून चालू लागला. मयतीची खबर आणणारा उंबऱ्याच्या आत येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. खाली यमूआत्यांनी जो हंबरडा फोडला, तो मला आजही ऐकू येतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी खिडकीत उभा राहिलो. डोक्यात एकच, आता ते वाक्य परत घेता येणार नाही.

मी तसाच निघालो. तोंड पुसलं, झोळी उचलली आणि पळालो. पळताना चपलेचा अंगठा तुटला. स्टँडवर एका फळवाल्याकडून सुतळी मागून तो बांधला. ही सुतळी लक्षात ठेवा.

स्टँडवर पाहतो तर गणपत. आणि काय करत होता? कचोरी खात होता. वरून मिरची. मयतीची खबर देऊन तासही झाला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण मी पडलो विचारवंत. ज्याच्या मेहनतीचं मोल होत नाही त्याचं दुःखही त्याच्यापासून तुटतं, याला आम्ही परात्मता म्हणायचो. तिचं इतकं ढळढळीत उदाहरण मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गणपत मला पाहून दचकला. "अजी गुरुजी, तुमी कोठी चालले? थांबा ना जरा. मास्तरचं असं हाय का..."

"गणपतराव, आत्ता काही बोलू नका," मी म्हणालो आणि अकोल्याच्या गाडीत चढलो. गाडी सुटली. गणपत कचोरी हातात घेऊन गाडीमागे धावत होता, ओरडत होता, हात हलवत होता. बिचाऱ्याला आता कढ आला, असं मला वाटलं. मी खिडकीतून मूठ उंचावून त्याचा निरोप घेतला.

गाडी बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. आता वऱ्हाडातली मे महिन्याची दुपार बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं लावलेली, खिडक्यांना गोणपाट, आणि उन्हाचा असा एक बारीक आवाज येतो की कान आपला वाजतो आहे का गाव, ते कळत नाही. म्हणूनच आमच्याकडची भुतं रात्रीची वाट पाहत नाहीत. माणसाची सावली पायाखाली गेली की ती निघतात. हे माझी आजी सांगायची. मी ते केव्हाच निकालात काढलं होतं.

मोर्णा नदीचं पात्र कोरडं पडलेलं. पूल ओलांडून मी जुन्या शहरात शिरलो, मास्तरांच्या गल्लीत आलो आणि थबकलो. गल्लीत कोणी नव्हतं. दारात माणसं नाहीत, बांबू नाहीत, मडकं नाही, राख नाही. रडण्याचा आवाज नाही. म्हणजे नेलं वाटतं, मी म्हटलं. उन्हाचं लवकर उरकलं असेल.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी चपला उंबऱ्याच्या आत काढल्या आणि मास्तरांच्या बायकोला हाक मारली, "काकू."

ओ नाही.

बैठकीत अंधार आणि गारवा. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यातून पाणी ठिबकत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्या उन्हात असा पडदा घटकेत वाळून खडंग होतो. म्हणजे तो आत्ता कोणीतरी शिंपला होता.

शेजारीण असेल, मी स्वतःला सांगितलं. भौतिकवादी माणसाला कारण लागतं, आणि शेजारीण हे चांगलं कारण आहे.

खोलीत मधोमध ती वेताची खुर्ची होती. समोर तिकाटण्यावर चित्र. पुन्हा तीच खुर्ची, पुन्हा रिकामी. टर्पेंटाइनचा वास येत होता आणि त्यात मिसळलेला तंबाखूचा. मला भडभडून आलं. मी चित्राच्या कडेला बोट लावलं. बोटाला तपकिरी रंग लागला.

ओला होता.

तेलरंग वाळायला वेळ लागतो, मी म्हटलं. माणूस वाळत नाही तोवर रंग... नाही, हे काहीतरी भलतंच डोक्यात यायला लागलं होतं. मी मागच्या पडवीत गेलो, रांजणातलं पाणी प्यालो, तोंडावर मारलं, जरा वेळ भिंतीला टेकून बसलो, परत आलो.

चित्रात खुर्चीसमोर चपला होत्या.

मघाशी होत्या का? असतील. मी नीट पाहिलं नसेल. डोळे पाण्याने भरले होते. मी वाकून जवळून पाहिलं. साध्या चपला, जुन्या, टाचेला झिजलेल्या. डाव्या चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला.

मी हळूच मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. माझ्या चपला तिथेच होत्या. सुतळी त्याच सकाळी बांधलेली. ती अमरावतीच्या फळवाल्याला माहीत होती, मला माहीत होती, आणि आता या चित्राला माहीत होती.

मित्रांनो, आमच्या सिद्धांतात सगळ्याची सोय आहे. मालक असेल तर आहे, मजूर असेल तर आहे, दोघांचं भांडण असेल तर फारच उत्तम. पण राबणारा हात नसताना माल तयार होतो, याची सोय कुठल्याच पुस्तकात नव्हती. मी आयुष्यभर विचारत आलो, चित्रात राबणारा कुठे आहे. इथे चित्र काढणाराच नव्हता आणि चित्र पुढे सरकत होतं.

मी चपला घातल्या आणि बाहेर पळालो. शेजारच्या ओसरीत एक म्हातारी सूप घेऊन डाळ पाखडत होती.

"आजी, मास्तरांचं... कधी झालं?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मग मास्तरांच्या घराकडे पाहिलं. तोंडावर पदर धरला, कपाळाला हात लावला आणि एक अक्षर न बोलता आत जाऊन कडी घातली. डाळ तशीच ओसरीवर.

आता खरं तर स्टँड गाठायचा. कोणीही तेच केलं असतं. पण मी त्या उन्हात बराच वेळ उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात दोन विचार आले. एक हा, की पळालो तर मंडळाला तोंड कसं दाखवू. तो खोटा होता, मंडळाला कोण सांगणार होतं? खरा विचार दुसरा होता. मास्तर आत असतील, ज्या कोणत्या रूपात असतील, तर ते वाक्य परत घ्यायची हीच वेळ आहे. सरणावर पोचलेल्या माणसाची माफी मागायची संधी कोणाला मिळते? मला भीती वाटत होती आणि मास्तरांची आठवणही येत होती. मी परत आत गेलो.

चित्रातल्या चपलांत आता पाय होते. पायांवर पायजमा. पायजम्याला गुडघे. माणूस खालून वर खुर्चीत येत होता. कमरेपर्यंत आला होता, त्याच्या वर अजून नुसता वेत दिसत होता.

मी मागे मागे सरकत गेलो. खोलीत बसायला जागा एकच, मी तिच्यावर बसलो. बसल्यावर कळलं की कुठे बसलो. तोवर उठायची ताकद राहिली नव्हती. मी पाय वर घेतले, जमिनीला लागू देईना. आजी सांगायची, भूत पायाकडून धरतं. आजी आणखी काय सांगायची? पायातली चप्पल हातात धरावी. धरली. लोखंड जवळ ठेवावं. बाजूला पानाच्या तबकात अडकित्ता होता, तो दुसऱ्या हातात धरला. मग माझा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला. तिथे काही नव्हतं. जानवं अमरावतीला खुंटीवर. आयुष्यात एवढी मोठी रिकामी जागा मी कधी चाचपली नाही.

मी मोठ्याने बोलायला सुरुवात केली. "भूत म्हणजे गरिबाला घाबरवून ठेवायला इमल्यात बांधलेली अंधारी..." आवाज फाटला. खोली खरंच अंधारी होती. मग मी डोळे गच्च मिटले आणि म्हणायला लागलो, राम राम राम राम.

शिडी करकरली.

मागच्या खोलीतून पावलं आली. अनवाणी, सावकाश. तंबाखूचा वास जवळ आला आणि समोर येऊन थांबला. राम राम राम. आणि मग आवाज सुरू झाला. सर्र... सर्र... कुंचल्याचा. शाळेत असताना पाठीमागे उभं राहून मास्तर माझं चित्र सुधारायचे, तेव्हाचा तोच आवाज. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर आज हे सांगायला नसतो, असं मला वाटलं.

"मास्तर," मी म्हणालो, "माझं चुकलं. तुमची चित्रं कोणी जाळू नयेत. ती चांगली आहेत. मला आवडायची. पहिल्या दिवसापासून आवडायची, पण मंडळात काय सांगणार होतो? मी बोललो ते शब्द परत घेतो."

सर्र थांबलं. पडद्यातून पडणारा थेंब ऐकू आला.

"कोनतं?" आवाज आला.

मास्तरांचाच. मी चप्पल आणखी घट्ट धरली.

"काय, कोणतं?"

"कोनतं चित्र जास्त आवडलं?"

मेल्यावरही चित्रकाराला हेच विचारायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. "खिडकीजवळचं," मी रडत रडत म्हणालो. "संध्याकाळचं. ते पाहिलं की कोणीतरी आत्ता येईल असं वाटतं."

"हं," आवाज म्हणाला. खूश वाटला. "आता हालू नको. तुया कान बिघडते."

यानंतरचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा काकू तोंडावर पाणी मारत होत्या. उन्हं कलली होती. काकूंच्या मागे गणपत उभा, आणि गणपतच्या बाजूला, पायजमा-बंडीत, तंबाखू चोळत, पातुरकर मास्तर. मी पुन्हा बेशुद्ध व्हायच्या बेतात होतो, पण काकूंनी कान पकडला.

"अरे जिते आहेत ते. कावळा पाह्यला म्हनून मेल्याची खोटी सांगी धाडली होती."

आता तुम्ही वऱ्हाडातले असाल तर कपाळावर हात मारला असेल. बाहेरच्यांसाठी सांगतो. कावळ्यांची जोडी संग करताना ज्याच्या दृष्टीला पडली, त्याचं मरण आलं असं समजतात. त्यावर तोड एकच. तो मेला अशी खोटी खबर दूर राहणाऱ्या रक्ताच्या माणसाकडे धाडायची. तो खरोखर रडला की मरणाचा वाटा वसूल झाला, माणूस वाचला. मग मागाहून खरं सांगायचं. काकूंच्या माहेरी आणखी एक नियम होता. तिकडे रडून होईपर्यंत आणि खबऱ्या परत येईपर्यंत त्या माणसाने कोणाच्या दृष्टीला पडायचं नाही. आदल्या दिवशी मास्तरांना अंगणात कावळे तसे दिसले. काकूंनी गणपतला अमरावतीला धाडलं, मास्तरांना माळ्यावर धाडलं, शेजारणीला तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि स्वतः महादेवाला अभिषेक करायला गेल्या. गणपत स्टँडवर कचोरी खात वेळ काढत होता, कारण यमूआत्यांचं रडून व्हायचं होतं. मला थांबवायला धावला, तर मी त्याला मूठ दाखवली.

ही रीत मला माहीत नव्हती का? लहानपणापासून माहीत होती. आमच्याच घरी एकदा केली होती. पण ती मी केव्हाच निकालात काढली होती ना.

"मास्तर, तुम्ही हे मानता?" मी विचारलं.

"मानत नाई रे," मास्तर म्हणाले. मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाले, "पन भेव लागलं होतं. तू म्हनला होता ना, सरनावर जातीन म्हनून. होळीपासून तेच डोक्यात होतं."

मी त्यांच्या पायाला हात लावला.

"राह्यलं ते," ते म्हणाले. "शब्द परत घेतला तू. ऐकलं मी."

"ते घाबरून बोललो हो."

"घाबरला की मानूस खरंच बोलते."

"पण कोणाच्या दृष्टीला पडायचं नव्हतं, मग खाली कसे आलात?"

"पडलो कोठी? घर रिकामं पाहून पडदा शिपला, रंगवत बसलो; तुयी हाक आली तं माळ्यावर चढलो. पहिले दोन खेप तू बैठकीत नव्हता. चपला दिसल्या, राहावलं नाई. चित्रात मानूस पाह्यजे म्हनून तूच जीव खाल्ला होता माया. तिसऱ्या खेपीले तं तू डोळेच मिटले. एवढा चांगला मॉडेल मले जलमात भेटला नाई." चूळ भरून ते पुढे म्हणाले, "आन हे पाह्य, दिगू. खबर खोटी होती, पन यमूच्या डोळ्यातलं पानी खरं होतं का नाई? चित्राचं तसंच असते बाप्पा. पुस्तकात लिव्हलं नसन तं लिहून टाक."

त्या वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षं व्याख्यानं दिली. पण किस्सा इथे संपत नाही. संपला असता तर मी सुटलो असतो.

हिवाळ्यात आमच्या मंडळाने अमरावतीला 'कला आणि समाज' यावर सभा भरवली. नागपूरहून एक मोठे समीक्षक बोलावले. सभेला एखादं चित्र मागे लावावं असं ठरलं आणि माझ्या नकळत कोणीतरी मास्तरांना विचारलं. मी सूत्रसंचालक. चित्रावरचा पडदा मीच बाजूला सारला.

वेताची खुर्ची. तिच्यात आता पाय वर घेऊन बसलेला एक माणूस; आधीचे पाय मास्तरांनी पुसून टाकले होते. डोळे गच्च मिटलेले, तोंड वाकडं झालेलं, ओठ 'रा'वर उघडे. एका हातात अडकित्ता, छातीशी चप्पल. चपलेला सुतळी. खाली मास्तरांच्या अक्षरात नाव लिहिलं होतं, 'आरसा'.

माझ्या अंगावर कोट आणि डोळ्यांना चष्मा असल्यामुळे चित्रातला माणूस मीच, हे समीक्षकांनी ओळखलं नाही. ते उठले आणि त्या चित्रावर भरभरून बोलले. याला म्हणतात वास्तव, म्हणाले. पाहा, शतकानुशतकांच्या भीतीने माणसाचं काय केलं आहे. हा आपला देशबांधव स्वतःच्याच खुर्चीत कैदी आहे. ह्याला क्रांती दारात आली तरी दिसणार नाही, कारण ह्याने डोळे मिटले आहेत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "दिगंबरपंत, या माणसाला समजावण्याची जबाबदारी तुमच्यासारख्या शिकलेल्यांची आहे."

पुढच्या रांगेत यमूआत्या पदरात तोंड लपवून हलत होत्या. त्यांच्या शेजारी मास्तर. ते तंबाखूची डबी बंद करून सावकाश उभे राहिले.

"समजावते जी तो त्याले," मास्तर म्हणाले. "रोज समजावते. पन तो आयकतच नाई."

सगळ्या सभेने माझ्या पायांकडे पाहिलं. नवीन चपला घ्यायचं राहूनच गेलं होतं. मी पाय हळूच टेबलाखाली ओढले आणि आभार मानायला उठलो.